सतीच्या दगडाखाली हंडा नसतो, भाऊ

परवा रात्री बहिणीचा फोन आला. एरवी ती आवाज चढवत नाही, त्या दिवशी ओरडतच होती. आमच्या मावसभावानं तिला विचारलं होतं, "ताई, तुझा मुन्ना पायाळूच ना? अमावास्येच्या रात्री दोन तास पाठवशील काय?" पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला.

हे खूळ आलं कुठून, तर 'झाडीपट्टीतले दगड बोलतात' या मेसेजमधून. घरच्या ग्रुपवर तो मी तीनदा पाहिला. दोनदा दुर्लक्ष केलं, ती माझी चूक. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात, शेतात, देवळामागे उभे असलेले सगळे जुने दगड म्हणजे गुप्तधनाचे नकाशे आहेत, असा त्याचा एकूण सूर आहे. अकरा मुद्दे आहेत. सगळ्यांना उत्तर देण्याइतका वेळ मला नाही, आणि काहींची तेवढी लायकीही नाही.

पोरापासून सुरुवात करतो. मेसेज म्हणतो, "पायाळू व्यक्तीला जमिनीखालचं धन दिसतं, खोदताना तिला सोबत ठेवावं." प्रसूतीच्या वेळी शंभरातल्या तीन-चार बाळांचे पाय किंवा कुल्ले खालच्या बाजूला असतात. त्या सगळ्यांना धन दिसत असतं, तर एव्हाना प्रत्येक गावाची माती चाळून झाली असती. मुन्नाचं तर त्याहून गमतीचं आहे. तो आडवातिडवा होता म्हणून सिझेरियन करावं लागलं. पाय आधी आले की डोकं, हे त्याच्या आईलाही माहीत नाही. पण गंमत इथेच संपते. गुप्तधनासाठी लहान मुलाला रात्री रानात नेण्याची गोष्ट कुठे जाऊन थांबू शकते, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागू नये. नरबळीच्या बातम्या आपण वाचतो तेव्हा त्या दुसऱ्या कुणाच्या घरातल्या असतात, एवढाच फरक. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्यं स्पष्ट लिहिलेली आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मेसेज पुढे ढकलताना हा मुद्दा सोबत टाकायला कुणाला सुचलं नाही.

आता मावसभावाकडच्या शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, दगड, ज्याच्यासाठी त्यानं सब्बल काढून ठेवली आहे. कमरेइतका उंच. वर चंद्र-सूर्य, खाली कोपरात वाकलेला हात, मनगटात बांगड्या. मेसेजच्या मते चंद्र-सूर्य म्हणजे "धनावर दिवसरात्र पहारा आहे" आणि पंजा म्हणजे "बोटं दाखवतील त्या दिशेला सात पावलं." अरे बाबा, सतीच्या दगडावरच्या हाताची बोटं नेहमी वरच असतात. सात पावलं आभाळात चालणार काय? तो हात गेलेल्या बाईचा आहे. बांगड्या शाबूत, म्हणजे ती सवाष्ण गेली, एवढंच तो सांगतो. चंद्र-सूर्य म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहो. जुन्या दानपत्रांत 'आचंद्रार्क' हा शब्द येतो, तोच अर्थ इथे लिहिण्याऐवजी कोरलेला आहे. सतीची चाल भयंकरच होती, त्या दगडापुढे हात जोडायला मी कुणाला सांगत नाही. पण त्या बाईची या जगात दुसरी कुठलीही नोंद उरलेली नाही. नावसुद्धा नाही. आहे तो हा हात, आणि तोच आम्ही उपटणार.

वीरगळांचंही, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीच्या दगडांचंही, तसंच. "जितक्या गाई कोरल्या तितके हंडे." वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना. खाली गाई दिसतात, कारण गावाची गुरं पळवून न्यायला आलेल्यांशी लढताना तो माणूस पडला. तेव्हाची खरी दौलत गोठ्यात होती. ती त्यानं राखली म्हणून गावानं त्याचा दगड उभा केला, आणि आता गावच तो आडवा पाडून खाली खड्डा घेणार.

बाणाच्या मुद्द्यावर मात्र मी खरोखर हसलो. "जंगलात काही दगडांवर बाण आणि आकडे असतात. बाण म्हणजे दिशा, आकडा म्हणजे हातांचं अंतर." माझे बाबा वनखात्यात होते. हे आकडे म्हणजे कक्ष क्रमांक, जंगलाच्या आखलेल्या भागांचे. कोणत्या कक्षात कोणता कूप, म्हणजे तोडीचा पट्टा, कुठला साग तोडायचा आणि कुठला राखायचा, याचा हिशेब त्यांवर चालतो. आणि तीन रेघांचा बाण ही इंग्रजांच्या अमलातली सरकारी खूण, मोजणीच्या दगडांवरही ती घालत. बाबा दर उन्हाळ्यात हद्दीचे मुनारे चुन्यानं रंगवून घ्यायचे. त्यांना तिथे विंचू पुष्कळ सापडले. शिवाय वनहद्दीची खूण हलवली किंवा मोडली तर १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम ६३ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. साग चोरणाऱ्याला निदान साग तरी मिळतो.

"सिरोंचाकडे राक्षसांची हाडं सापडली, सरकारनं दडवली." हाडं सापडली, हे खरं. पोचमपल्लीजवळ १९६१ च्या सुमारास निघाली, आणि १९७५ मध्ये त्या प्राण्याला नाव मिळालं: बारापासॉरस टागोराय. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय, आणि पुढे रवींद्रनाथांचं नाव, कारण १९६१ हे त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. डायनासोर होता, पानं खाणारा. दडवलेला सांगाडा कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे, जाऊन बघावा.

जंगलातल्या उभ्या शिळांखाली "राक्षसांच्या कबरी आणि सोनं" असल्याचं जे लिहिलंय, त्याचा मात्र राग येतो. विदर्भात महापाषाणकालीन, म्हणजे मोठे दगड रचून केलेली जुनी दफनं आहेत, यात वाद नाही. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथे रीतसर उत्खननं झाली. निघालं काय, तर लोखंडी कुऱ्हाडी, मणी, घोड्याच्या अंगावरचे तांब्याचे साज. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी मिळाली. राक्षस नव्हते ते, चांगले लोहार होते. पण भामरागडकडे माडिया आदिवासी आपल्या गेलेल्या माणसासाठी आजही दगड उभा करतात. रानातली प्रत्येक शिळा हजारो वर्षांपूर्वीची नसते. एखादीच्या खाली खड्डा घेताना तुम्ही शेजारच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, कुणाच्या तरी आज्याची आठवण उकरत असता. आपल्या आबाजीच्या समाधीवर कुणी सब्बल घेऊन आलं, तर काय कराल?

आता मनात नसताना एक गोष्ट मान्य करतो. मेसेजात गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्यांचा उल्लेख आहे, आणि तो खोटा नाही. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत तिथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केलेली आहे. पण खाण म्हणजे पुरलेला खजिना नव्हे, आणि खाणीचा पत्ता सतीच्या दगडावर कुणी कोरत नाही. लोक पैसा जमिनीत पुरायचे, हेही खरंच. बँका नव्हत्या, लुटारू होते. १९३९ मध्ये मंगरूळपीरजवळ तऱ्हाळ्याला दीड हजारांवर सातवाहन नाणी सापडली. सोन्याची नव्हेत, पोटिनची, म्हणजे मिश्रधातूची. भंगारवाल्यानं भांड्याच्या भावात घेतली असती. ती इतिहास संशोधक वा. वि. मिराशींपर्यंत पोहोचली म्हणून पुराणांच्या याद्यांतही नसलेली काही सातवाहन राजांची नावं कळली. कुणी ती रातोरात वितळवली असती, तर ते राजे दुसऱ्यांदा मेले असते.

शेवटचा मुद्दा, ज्यावर मावसभावाची सगळी भिस्त आहे: "स्वतःच्या शेतात सापडलेलं धन कायद्यानं स्वतःचंच." कायदा १८७८ चा आहे, निखात निधी अधिनियम, आणि अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही जमिनीत सापडलं, तर लेखी कळवायचं जिल्हाधिकाऱ्यांना. काय सापडलं, किती, कुठे, कधी, सगळं. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करायची हमी द्यायची. मग चौकशी, दावेदारांना नोटीस, आणि त्यानंतर मालकी कुणाची ते ठरणार. लपवलं तर सापडणाऱ्याला वर्षापर्यंत कैद. आणि एक बारीकशी गोष्ट: शेत मावशीच्या नावावर आहे, त्याच्या नाही. तेव्हा हंडा निघालाच, तर त्याला आधी कलेक्टर ऑफिसला जावं लागेल आणि त्याच्याही आधी मावशीला सांगावं लागेल. मावशीला मी कालच फोन केला. सब्बल आता तिच्या खाटेखाली आहे.