‘सॅल्मन संपत चाललाय आणि तुम्ही फळ्यावर खोटं लिहिता’ : या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार. एक तारा देऊन तुम्ही दोन आक्षेप घेतलेत, शिवाय चवीबद्दल एक तक्रार केलीत. ‘वाइल्ड सॅल्मन मुबलक, निर्धास्त खा’ ही फळ्यावरची ओळ फसवी आहे, हा पहिला. हॅचरीत (माशांची अंडी उबवायच्या केंद्रात) जन्मलेला मासा आम्ही ‘वाइल्ड’ म्हणून विकतो, हा दुसरा. पहिला मान्य, ती ओळ पुसली आहे. दुसऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल.

ओळ पुसली, पण तुम्ही दिलेल्या कारणासाठी नव्हे. ‘सॅल्मन संपत चाललाय’ हे तुमचं वाक्यही तितकंच ढोबळ आहे. उत्तर पॅसिफिकचे आकडे १९२५ पासूनचे आहेत. त्यात १९९० ते २०१५ हा काळ सर्वांत भरघोस: वर्षाला सरासरी ६६ कोटींहून अधिक प्रौढ पिंक, चम आणि सॉकआय (सॅल्मनच्या तीन जाती). पण त्यातले सुमारे ६७ टक्के एकटे पिंक, म्हणजे हवाबंद डब्यातही जाणारा मासा. किंग आणि कोहो या जाती या बेरजेत धरलेलेच नाहीत. शिवाय ही भरघोसी दरवर्षी टिकत नाही. २०१८ मध्ये पॅसिफिकची एकूण पकड १० लाख टनांच्या वर होती, २०२० मध्ये ती ६ लाखांच्या आसपास आली.

नदीनिहाय पाहिलं तर चित्र आणखी फाटतं. अलास्काच्या ब्रिस्टल बेमध्ये २०२२ साली जवळपास ७.९ कोटी सॉकआय अंडी घालायला समुद्रातून परतले, आजवरचा उच्चांक. त्याच अलास्कातून समुद्राला मिळणाऱ्या युकॉन नदीत किंग इतका घटला की एप्रिल २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने त्याच्या मासेमारीवर ७ वर्षांची बंदी घातली. कॅलिफोर्नियात समुद्रातली व्यापारी सॅल्मन मासेमारी २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग ३ वर्षं बंद राहिली. (अटलांटिक सॅल्मन आमच्याकडे सगळा पिंजऱ्यातला, लेबलवर ‘फार्म्ड’ लिहिलेला. त्याचा जंगली भाऊबंद डिसेंबर २०२३ पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात आहे.)

आता हॅचरी. परतलेल्या माद्यांची अंडी काढून नराच्या वीर्याने फलित करतात, हिवाळाभर वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात आणि वसंतात पिल्लं किनाऱ्याजवळच्या जाळीच्या पिंजऱ्यात काही आठवडे पोसून सोडून देतात. पुढचं खाणं-वाढणं सगळं समुद्रात. जपान, रशिया, अलास्का, कॅनडा आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा मिळून वर्षाला सुमारे ५०० कोटी पिल्लं सोडतात. १९९० ते २०१५ या काळात प्रौढ चमपैकी सुमारे ६० टक्के हॅचरीचे होते, पिंकमध्ये १५ आणि सॉकआयमध्ये जेमतेम ४. चम समुद्रात कित्येक वर्षं राहतो, म्हणून अपरिपक्व मासे धरून वजनाने मोजलं तर एकूण सॅल्मनचा सुमारे ४० टक्के भाग हॅचरीचा भरतो.

आमच्या मते खरी गोम इथे आहे. समुद्रातलं खाद्य पिल्लांच्या संख्येबरोबर वाढत नाही. पिंक जास्त असतात त्या वर्षी सॉकआयची वाढ खुंटते. हॅचरीचे काही मासे परतताना वाट चुकून रानटी माशांच्या नदीत शिरतात आणि तिथे अंडी घालतात. ट्रेमध्ये टिकणारा वंश नदीत टिकेलच असं नाही. आणि दोन्ही मासे एकाच जाळ्यात येतात, त्यामुळे हॅचरीच्या भरवशावर हंगाम उघडला की त्यात मासे कमी उरलेल्या नदीचा मासाही मारला जातो. जपानमध्ये चम बहुतेक हॅचरीचा, तरीही तिथे परतणारा मासा घटत गेला. नुसती पिल्लं सोडून भागत नाही.

लेबलबद्दल: अमेरिकेच्या नियमात हॅचरीत जन्मून समुद्रात सोडलेला आणि तिथे पकडलेला मासा ‘वाइल्ड’च ठरतो. नियम आम्ही केलेला नाही, पण त्याच्या आड लपणंही बरं नाही. वॉशिंग्टन-ओरेगॉनच्या हॅचरीतल्या बहुतेक किंग आणि कोहोचा शेपटीआधीचा छोटा मांसल पर छाटलेला असतो, त्यामुळे अख्खा मासा घेतलात तर ते दिसेल. अलास्काच्या पिंक-चममध्ये खूण कानातल्या बारीक खड्यावर असते, अंडी-पिल्लं ट्रेमध्ये असताना पाण्याचं तापमान वरखाली करून उठवलेली वलयं. ती सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत, आणि फिलेमध्ये तर डोकंच नसतं.

‘हा रावसासारखा लागत नाही’ ही तक्रार तेवढी परत घ्या. मुंबईत ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकतात तो रावस वेगळ्याच कुळातला.

तुम्ही नेलेला तुकडा ‘केटा’, म्हणजे चम होता. तो हॅचरीचा असण्याची शक्यता बरीच. हॅचरी नकोच असेल तर ब्रिस्टल बेचा सॉकआय घ्या, तिथे हॅचरीची पिल्लं सोडत नाहीत. महाग आहे. फळ्यावर आजपासून प्रत्येक माशापुढे जात, कुठल्या पाण्यातला आणि हॅचरीचा असू शकतो का, हे तीन रकाने आहेत. पावती आणलीत तर फरक भरून सॉकआय बदलून देऊ.