डांबराच्या गोळ्या आणि बाळाची गोधडी: एक खुलासा

‘डांबराची गोळी गिळली तरच अपाय होतो, नुसत्या वासाने काही होत नाही, गोधडी झटकून बाळाला द्यावी’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे. गिळणं घातक आहेच, पण वासही निरुपद्रवी नाही.

बऱ्याच गोळ्या नॅप्थलीनच्या असतात. हा पदार्थ वितळण्याऐवजी थेट वायू होतो. ट्रंकेत गोळी झिजत जाते ती त्यामुळेच. तो वायू दुपट्यात, गोधडीत मुरतो आणि बाळाच्या श्वासातून, कातडीतूनही आत जातो. अंगाला तेल चोळलेलं असेल तर शोषण वाढू शकतं, आणि आपल्याकडे तर बाळाला रोज मालिश! ज्या बाळांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं (मुलग्यांत हे जास्त आढळतं), त्यांच्या तांबड्या पेशी यामुळे फुटतात. डोळे पिवळे, चेहरा पांढरा, लघवी गडद दिसली तर तडक डॉक्टरांकडे न्यावं आणि गोळ्यांचा उल्लेख आवर्जून करावा. युरोपीय संघाने या गोळ्यांवर 2008 मध्ये बंदी घातली.

झटकणं पुरत नाही. बाळंतविड्यातले कपडे धुवावेत, मग उन्हावाऱ्यात वास पूर्ण जाईपर्यंत ठेवावेत. ‘मग कापूर ठेवू’ असंही कुणी सुचवेल. देवघरातला म्हणून तो निर्धोक होत नाही. लहान मुलाने थोडा गिळला तरी झटके येऊ शकतात. बाळाच्या कपड्यांना स्वच्छ धुऊन, खडखडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं की गोळी लागतच नाही.