‘मरीन प्लाय सांगून फसवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

उत्तराला नऊ दिवस लागले, माफ करा. तुमचे तीन फोन मी उचलले नाहीत, हेही खरं. गणपतीला गावी होतो, पण परत आल्यावर तरी फोन करायला हवा होता.

तुम्ही लिहिलंय की पाच महिन्यांत पुस्तकांच्या कपाटाच्या फळ्या वाकल्या, मागे बुरशी धरली, भिंतीला नको तितकी भोकं पाडली आणि मरीन प्लाय सांगून हलका माल दिला. फळीवर दोरी ताणून काढलेला तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. मध्ये करंगळी सहज जाईल एवढा बाक आहे. त्यात वादच नाही.

माल मात्र हलका नाही. 18 एमएमचा आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) प्लायच वापरलाय. शंका असेल तर काढलेली फळी तुमच्यासमोर कापून थर दाखवतो. पण 710 हा शिक्का मुख्यतः डिंकाबद्दल आहे. पाण्यात उकळलं तरी थर सुटू नयेत, एवढ्यासाठी. चार फुटांची मोकळी फळी पुस्तकांखाली वाकणार नाही, अशी हमी त्यात नसते. दुकानात तुम्हाला ‘मरीन आहे, काही होत नाही’ असं सांगितलं गेलं, ते आमच्याच माणसाने, आणि ते चूक होतं.

पुस्तकं एका फुटाला दहा-बारा किलो भरतात. तुम्ही पुढे-मागे दोन रांगा लावल्यात, त्यात गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक, म्हणजे एका फळीवर 80 ते 100 किलो. तीन फुटांची फळी चार फूट केली की त्याच दाटीच्या पुस्तकांखाली बाक तिप्पट होतो. मधली उभी पट्टी तुम्हाला नको होती, मूर्ती आणि फोटोंसाठी मोकळी जागा हवी होती, हे मला आठवतंय. पण गिऱ्हाईक म्हणालं म्हणून मान डोलावणं हा काही सुताराचा धंदा नाही. मी तिथेच अडायला हवं होतं.

बुरशीचं दोघांत वाटून घेऊ. ती भिंत बाथरूमची, ओल आतून येते. पण मागचा 6 एमएमचा प्लाय आम्ही कोरा सोडला आणि कपाट भिंतीला चिकटवलं. बोटभर फट ठेवली असती तर हवा खेळली असती.

भोकांबद्दल मात्र माफी मागणार नाही. सात फुटी कपाट, घरात लहान मूल. ते भिंतीला स्क्रूने बांधलंच पाहिजे, पुन्हा केलं तरी बांधीन.

येत्या शनिवारी सकाळी मी स्वतः मिस्त्रीला घेऊन येतो. खालच्या चार कप्प्यांत मधली उभी पट्टी, वाकलेल्या फळ्यांच्या जागी 25 एमएमच्या, पुढच्या कडेला दोन इंची सागाची पट्टी, आणि मागचा प्लाय नवा, दोन्ही बाजूंनी सीलर मारून. या सगळ्याचा खर्च आमचा. वरचा कप्पा मूर्तीसाठी मोकळाच ठेवू, तिथे ओझं नाही. बाथरूमच्या नळाची गळती तेवढी आधी प्लंबरला दाखवा, नाहीतर नवा प्लायही तसाच होईल.

तोवर मागची रांग काढून ठेवा. फळ्या पिनांवरच आहेत, त्या उलट्या करून बसवल्यात तरी तीन-चार दिवस निभावेल.