फवारणीच्या माणसाचं रक्त छाटणीआधी तपासा

मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. कोलिनेस्टरेज नावाची एक रक्ततपासणी आहे. आमच्याकडे तिचं सॅम्पल येतं तेव्हा पेशंट बहुतेक वेळा आयसीयूत असतो. कुणी औषध प्यायलेलं असतं, कुणी फवारताना बागेतच कोसळलेलं असतं. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळच्या द्राक्ष बागायतदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ही तपासणी धडधाकट माणसाची करायची असते, तीही हंगाम सुरू व्हायच्या आधी.

मिलीबग, उडद्या या किडींवर वर्षानुवर्षं जी औषधं मारली गेली, त्यातली बरीच ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली. ती शरीरातल्या कोलिनेस्टरेज या एन्झाइमला निकामी करतात. मग नसांकडून स्नायूंना जाणारा इशारा थांबतच नाही. घाम, लाळ, अंधुक दिसणं, हातपाय फडफडणं, शेवटी श्वास अडकणं. पण थोडं थोडं औषध रोज अंगात जात असेल तर एन्झाइम हळूहळू उतरत राहतं आणि माणूस नुसता ‘डोकं दुखतंय, कणकण वाटतेय’ म्हणत दुसऱ्या दिवशी परत पंप चालू करतो.

या तपासणीची नॉर्मल रेंज फार रुंद आहे. एखाद्याची पातळी मुळातच वरची असेल तर ती निम्म्यावर आली तरी रिपोर्टवर ‘नॉर्मल’च छापून येतं. म्हणून फवारणी नसतानाचा त्याचा स्वतःचा आकडा हाताशी लागतो, पुढचे सगळे रिपोर्ट त्याच्याशी ताडून बघायचे. कॅलिफोर्नियात 1974 पासून हे सक्तीचं आहे. मूळ आकड्याच्या 80 टक्क्यांखाली आला की काम कसं चाललंय ते तपासतात. प्लाझ्मातला, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवातला, आकडा 60 टक्के किंवा लाल पेशींतला 70 टक्क्यांवर आला की माणसाला त्या औषधांपासून लांब ठेवतात, तो परत 80 वर येईपर्यंत.

आपल्याकडेही 1971 च्या कीटकनाशक नियमांत ही औषधं बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचं कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजायला सांगितलंय. शेतातला फवारणीचा मजूर मात्र त्यात नाही. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त माणसं गेली, तरी नाही. 2010 मध्ये सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपनं नाकारली आणि तेव्हापासून निर्यातीच्या मालाच्या रेसिड्यू (औषधाचा अंश) रिपोर्टची आपण केवढी काळजी घेतो! फवारणीच्या ब्लोअरमागं दिवसभर तुषारात भिजणाऱ्या माणसाचा एकही रिपोर्ट कुणाच्या फाईलला नाही. मला हे सहन होत नाही.

ही तपासणी सगळं दाखवत नाही. डाऊनी-भुरी या रोगांवरची बुरशीनाशकं तिच्यात दिसत नाहीत. छाटणीनंतर डोळे फुटायला लावायची पेस्ट, म्हणजे हायड्रोजन सायनामाईड, तिला तर हातमोजे आणि पूर्ण अंगभर कपडेच हवेत. आणि पेस्टिंगच्या दिवसांत दारू अजिबात नको, आधीही नाही, नंतरचे काही दिवसही नाही. प्यायली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, दम लागतो. टोळीतल्या प्रत्येकाला हे मुकादमानं सकाळीच सांगावं.

रिपोर्ट मजुराच्या हातात द्या. आकडा उतरला तर त्याला फवारणीवरून काढून विरळणीला, बांधणीला लावा, हजेरी तीच ठेवून. रोज बुडणार असेल तर कुणीही रक्त द्यायला येणार नाही, आणि त्यात त्याचं काही चूक नाही. खर्च बागायतदारानं करावा. एका बागेत फवारणीला दोन-तीनच माणसं असतात, औषधाच्या बिलापुढं ही रक्कम काहीच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून सॅम्पल घेऊन मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासायची सोय जिल्हा परिषदेनं केली तर फारच चांगलं, पण त्याची वाट बघत थांबू नका.

आगाप छाटण्या ऑगस्टअखेर सुरू होतील. गावातून पाच-सात जण तयार असतील तर मी सुट्टीच्या दिवशी सकाळी येऊन सॅम्पल घेऊन जाईन. मेसेज करा.