एक ग्लास कोकम सरबत

परवा ऑफिसात डबा खाताना विषय निघाला, जाहिरातींना माणसं एवढी भुलतात कशी. आम्ही सातजणी होतो. सातहीजणी म्हणाल्या, "मला नाही बाई काही फरक पडत." मीसुद्धा म्हटलं. डब्याचं झाकण लावताना आठवलं की गेल्या वर्षी मी एका बिल्डरला २५ हजार रुपये देऊन आले होते, आणि त्याला कारण होतं एक ग्लास कोकम सरबत.

सांगतेच.

आम्ही भांडुपला राहतो. घर वन बीएचके, माणसं पाच. लोकलच्या डब्यात कल्याणच्या पुढच्या एका प्रोजेक्टची जाहिरात रोज डोळ्यांसमोर यायची : 'स्टेशनपासून फक्त ५ मिनिटं'. (कशाने ५ मिनिटं, ते कुणीच लिहीत नाही.) फोन केला, तर रविवारी थेट सोसायटीच्या गेटवर गाडी हजर. एसी गाडी. मी, नवरा आणि सासूबाई निघालो.

आता गंमत अशी की त्यांच्या बहुतेक युक्त्या आम्ही जागच्या जागी ओळखल्या. सॅम्पल फ्लॅटमधल्या एकाही खोलीला दार नव्हतं. दार नसलं की खोली मोठी वाटते आणि दार उघडल्यावर पलंगाला आपटेल का हा प्रश्नच पडत नाही. पलंग तर असा, की नवरा सहज म्हणून आडवा झाला आणि त्याची पावलं घोट्यापासून बाहेर. सासूबाईंनी कपाट उघडून आत हात घातला. हात कोपरापर्यंतही गेला नाही. "साड्या उभ्या ठेवायच्या का रे यात?" त्यांनी विचारलं.

मग आधी १ कोटी १० लाखांचा फ्लॅट दाखवला, म्हणजे पुढचा ७२ लाखांचा ऐकून आपणच सुटकेचा श्वास सोडावा. भिंतीवर बिल्डिंगचा तक्ता, त्यावर विकलेल्या घरांना लाल टिकल्या. आमच्यासमोर एकाने आणखी एक टिकली चिकटवली आणि म्हणाला, "गेला हासुद्धा." नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. दादरच्या बाजारात भाव करत जन्म गेला आमचा, टिकलीला भुलतोय होय!

टिकलीला नाहीच भुललो.

आमच्याबरोबर फिरणारा मुलगा पंचविशीचा असेल, साताऱ्याकडचा. मला काकू म्हणायचा. सासूबाईंचा गुडघा दुखतोय हे त्याने न सांगता ओळखलं, पळत जाऊन खुर्ची आणली. कोकम सरबत आणलं, थंडगार, वर जिऱ्याची पूड. मग जेवायला बसवलं. सासूबाईंनी श्रीखंड दोनदा घेतलं. तीन तास झाले होते. मी उठायची तयारी करतेय, तर तो म्हणाला, "काकू, बुकिंग करूच नका आज. घाई कसली? नुसता फॉर्म भरा, इंटरेस्ट आहे म्हणून. २५ हजार, पूर्ण परत मिळतात. माझं आजचं काम होईल तेवढंच."

माझं आजचं काम होईल. झालं. एवढं खाऊन-पिऊन नाही कसं म्हणायचं? मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने फोन काढला होता.

आपल्याला वाटतं जाहिरात लोभावर चालते. थोडीफार चालतेही. पण मला आता वाटतं, खरा धंदा चालतो तो आपल्या भिडेवर. भीड भिकेची बहीण, हे आजी उगाच नाही म्हणायची.

डेनिस रीगन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसं चित्रांना गुण देत बसलेली. त्यातला एक रीगनचाच माणूस. मधल्या सुट्टीत तो बाहेर जाऊन येतो, येताना स्वतःसाठी एक कोक आणतो आणि दुसऱ्यासाठीही एक. काही जणांसाठी मात्र आणत नाही. शेवटी तो म्हणतो, मी लॉटरीची तिकिटं विकतोय, घेतोस का थोडी? ज्यांना कोक मिळाला होता त्यांनी सुमारे दुप्पट तिकिटं घेतली. मला खरी टोचलेली गोष्ट पुढची आहे. कोक न मिळालेल्यांमध्ये, ज्यांना तो माणूस आवडला त्यांनी जास्त तिकिटं घेतली. कोक मिळालेल्यांच्या बाबतीत तो आवडला की नाही यानेही फरक पडला नाही. म्हणजे माणूस नावडता असला तरी चालेल, बाटली पोटात गेली पाहिजे.

आणि तो 'नुसता फॉर्म'. त्याचाही प्रयोग झालाय, १९६६ साली, कॅलिफोर्नियात. गाडी जपून चालवा असा एक अवाढव्य, कुरूप फलक तुमच्या अंगणात लावू का, असं लोकांना विचारलं. १७ टक्के हो म्हणाले. दुसऱ्या एका गटाला दोन आठवडे आधी त्याच आशयाची वीतभरही नसलेली पाटी लावायला सांगितली होती. कोण नाही म्हणणार? त्यांतले ७६ टक्के पुढे मोठ्या फलकालाही हो म्हणाले. लहानसा होकार देऊन बसलेल्या माणसाला आपला शब्द मोडणं जड जातं, एवढंच.

यातलं काहीच वाईट नाहीये, हाच तर त्रास आहे. पाहुणचाराची जाण ठेवणं, दिलेला शब्द पाळणं, समोरच्याचं मन न मोडणं, हे सगळं आपण पोरांना शिकवतो. चांगुलपणाचीच वात करून कुणी आपलं घर पेटवतं.

स्क्रीनवरच्या असल्या चाळ्यांना निदान नाव तरी मिळालंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ प्रकारचे 'डार्क पॅटर्न' ठरवून त्यांवर बंदी घातली. त्यात ग्राहकाला लाजवणं हाही एक प्रकार आहे. विमानाच्या तिकिटाबरोबर विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहीन' असल्या वाक्यावर बोट ठेवायला लावायचं. भीडच ती, बटणावर छापलेली. पण कोकम सरबतावर बंदी कोण घालणार?

त्या संध्याकाळी घरी आल्यावर नवऱ्याने त्यांच्याच पत्रकावरचा महारेराचा (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) क्यूआर कोड स्कॅन केला. ऑगस्ट २०२३ पासून तो जाहिरातीवर छापणं सक्तीचं आहे. ताब्याची तारीख त्या मुलाने सांगितलेल्यापेक्षा दीड वर्ष पुढची निघाली. ते पत्रक सकाळपासून माझ्या पर्समध्ये होतं! सरबताचा ग्लास आणि पत्रक एकाच हातात धरून मी सगळं प्रोजेक्ट फिरले होते.

पूर्ण परत मिळणारे २५ हजार मिळायला तीन महिने आणि अकरा फोन लागले. आले २४ हजार. एक हजार कसले कापले ते मी विचारलं नाही. पुन्हा भीड.

सासूबाईंना हे सगळं सांगून बघितलं. त्यांना काही कळेनाच की मी एवढी अडकले कशात. दादरला मिठाईच्या दुकानात शिरून त्या तीन तऱ्हेच्या बर्फीचे तुकडे खाऊन बघतात, "छान आहे हो" म्हणतात आणि बाहेर पडतात. मी दुकानाबाहेर उभी राहते, लाजून. "त्याने दिलं, मी खाल्लं," त्या म्हणाल्या. "मागितलं होतं का मी?"

तो मुलगा अजून महिन्यातून एकदा फोन करतो, नवीन टॉवर आलाय म्हणून. मला अजूनही तो कट करवत नाही. गेल्या खेपेला मी फोन सासूबाईंकडे दिला. त्यांनी आधी गुडघ्याचं सांगितलं, मग डॉक्टरांचं, मग त्याचं गाव विचारलं, पगार विचारला आणि लग्नाचं कुठपर्यंत आलंय ते विचारलं. वीस मिनिटं. "ठेवतो आजी, ठेवतो आजी" असं त्याचं चाललेलं मला स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं. पण ठेवत नव्हता.

या महिन्यात अजून फोन आलेला नाही.