कोहाच्या इन्स्टॉलेशनबद्दलच्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

कॉलेजच्या ग्रंथालयात आम्ही बसवलेल्या कोहा या ग्रंथालय-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरबद्दल आपल्या तीन तक्रारी आहेत. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर साइट उघडेना. मराठी शीर्षकं शोधात सापडेनात. आणि अपग्रेडनंतर बिघडलेलं एक बटण तिथल्या तिथे दुरुस्त न करता आम्ही "बग नोंदवलाय" एवढंच सांगितलं. इतर ग्रंथपालांनाही हे प्रश्न पडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

साइट अडली ती अपाचीपाशी, म्हणजे साइट ब्राउझरपर्यंत पोचवणाऱ्या प्रोग्रामपाशी. कोहाच्या साइटच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'असाइनयूझरआयडी' अशी ओळ असते; साइट कोणत्या युजरच्या नावाने चालेल हे ती सांगते. ती अपाचीला कळायला एमपीएम-आयटीके हे मॉड्यूल लागतं, आणि ते प्रीफोर्क या अपाचीच्या कामाच्या पद्धतीवरच चालतं. त्याच सर्व्हरवर कॉलेजची वेबसाइट टाकताना प्रीफोर्कऐवजी इव्हेंट हे दुसऱ्या पद्धतीचं मॉड्यूल चालू केलं गेलं. पुढच्या रीस्टार्टला अपाची 'इनव्हॅलिड कमांड' म्हणून थांबला. अशा वेळी आधी इव्हेंट बंद करायचं, मग प्रीफोर्क आणि त्यानंतर आयटीके चालू करायचं. कॉन्फिगरेशन तपासणाऱ्या कॉन्फिगटेस्टने 'सिंटॅक्स ओके' म्हटल्याशिवाय रीस्टार्ट करू नये. प्रीफोर्कवर एचटीटीपी-२ हे पानं वेगाने पाठवण्याचं तंत्र चालत नाही, त्यामुळे वेबसाइटवाले पुन्हा इव्हेंटकडे वळणारच. कोहाला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन द्या, हा आमचा आग्रह त्यासाठीच आहे.

मराठी शोधाचं दुखणं वेगळं आहे. कोहाचा झेब्रा हा शोधविभाग मुळात सीएचआर पद्धतीने शब्द तोडतो. तिचे तक्ते रोमन अक्षरांसाठी केलेले आहेत, देवनागरीला आयसीयू ही वेगवेगळ्या लिप्या ओळखणारी पद्धत लागते. झेब्राच्या डिफॉल्ट-आयडीएक्स फाइलीत चारमॅपच्या ओळींऐवजी आयसीयूचेनच्या ओळी घालायच्या, झेब्रा रीस्टार्ट करायचा आणि शोधाची सूची नव्याने बनवणारी कोहा-रिबिल्ड-झेब्रा ही आज्ञा पूर्ण इंडेक्सच्या पर्यायासह चालवायची. हे चालू असताना शोधात अर्धवट निकाल येतात, म्हणून ते काम ग्रंथालय बंद झाल्यावर करतो.

तरीही एक गोष्ट उरते. 'दुसऱ्या' हा शब्द काही कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ-ने लिहिला जातो, काहींवर साधा र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्हाने. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात. 'ग्रंथ' आणि 'ग्रन्थ' दिसतात वेगळे, पण शब्द एकच; कॉम्प्युटरला तेही दोन वाटतात. यासाठी वर्ड्स-आयसीयू फाइलीत रूपांतराचे नियम लिहावे लागतात. आपल्या कॅटलॉगमधल्या न सापडणाऱ्या शीर्षकांची यादी आणि त्यांचे बिब्लिओ नंबर (कोहातले नोंदक्रमांक) पाठवा, त्यावरून नियम लिहून देतो.

आता ते बटण. 'फाइल उघडून दोन ओळी बदला' असं आपण म्हणालात. ती फाइल कोहा-कॉमन पॅकेजची आहे. पुढचं अपग्रेड आलं की ती नव्याने लिहिली जाते, आपली दुरुस्ती पुसली जाते आणि बटण पुन्हा बिघडतं. म्हणून बग कोहाच्या बगझिलावर, म्हणजे दोष नोंदवण्याच्या साइटवर, नोंदवला. त्यात कोहाची आणि डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, कोऱ्या मशीनवर तोच बिघाड घडवून आणण्याच्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं नि काय झालं, आणि लॉगच्या जशाच्या तशा ओळी दिल्या आहेत. 'चालत नाही' एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. कोहा-कॉन्फ फाइल मात्र तिथे कधीही जोडू नका, तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो.

पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, आला की तो लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी तपासून साइन-ऑफ, म्हणजे 'तपासलं, चालतं' अशी मान्यता, द्यावी लागते. मग क्यूए (दर्जा तपासणारी) टीम बघते, त्यानंतर तो मुख्य शाखेत जातो आणि तिथून चालू आवृत्त्यांच्या मासिक सुधारणांमध्ये उतरतो. मोठ्या आवृत्त्या दर वर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये येतात. याला वेळ लागतो, आणि काउंटरवर रांग असताना थांबणं किती जड जातं याची आम्हाला जाणीव आहे.

म्हणून मधल्या काळाची सोय: सिस्टिम प्रेफरन्सेसमधल्या 'इंट्रानेटयूझरजेएस'मध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पानांसाठी जावास्क्रिप्ट लिहायच्या जागेत, काही ओळी घालून ते बटण चालतं करता येईल. हे प्रेफरन्स डेटाबेसमध्ये राहतात, अपग्रेडने पुसले जात नाहीत. आपण होकार दिलात की आधी कोहा-डम्पने बॅकअप घेऊ, मग त्या ओळी घालू. कायमचा पॅच आल्यावर त्या काढायच्या, हेही आपल्या नोंदवहीत लिहून ठेवू. याचे वेगळे पैसे नाहीत.

पॅच आल्यावर त्याला साइन-ऑफ आपणच द्यावा, अशी विनंती आहे. त्यासाठी कोड यावा लागत नाही. सँडबॉक्समध्ये (चाचणीसाठीच्या तात्पुरत्या कोहात) पॅच लावून टेस्ट प्लॅनमधल्या पायऱ्या एकेक करून बघायच्या असतात, आणि ते बटण रोज वापरणाऱ्या ग्रंथपालाइतकं बारकाईने ते कोण तपासणार?