‘जवळचं वाक्य उतरवा’ : एका निवृत्त सरांना उत्तर

सर, नमस्कार.

दहावीच्या इंग्रजीतल्या उताऱ्यांवर मी लिहिलेला लेख तुम्हाला चांगलाच झोंबला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ‘आधी प्रश्न वाचा, मग उतारा’ ही पळवाट आहे, तिने मार्क मिळतात पण वाचता येत नाही. ‘उत्तर सापडलं नाही तर जवळचं वाक्य उतरवा’ हा सल्ला तर शिक्षकाला शोभत नाही. आणि खानदेशातली पोरं इंग्रजीत मागे राहतात ती असल्याच मास्तरांमुळे.

‘जवळचं वाक्य’ आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ती ओळ लिहिताना फेब्रुवारी उलटत होता आणि पस्तीसच्या काठावर लटकलेली सात-आठ पोरं माझ्या डोळ्यांपुढे होती. कोरं सोडण्यापेक्षा काहीतरी लिहितील, एवढाच हिशेब. पण जे एकाला सांगितलं ते सगळ्या वर्गाने ऐकलं, आणि ज्यांना शोधता येत होतं तीही उतरवायला लागली. ती ओळ मी लेखातून काढली आहे.

‘आधी प्रश्न’ मात्र मी सोडणार नाही. केळीचा भाव बघायला पेपर उघडणारा माणूस पहिल्या पानापासून अक्षरन् अक्षर वाचत बसत नाही. त्याला काय हवंय ते त्याला ठाऊक असतं. कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, ८० मार्कांची, त्यात पुस्तकातले दोन उतारे आणि एक न पाहिलेला, प्रत्येकी १० मार्कांचे. तिसांचा हा डोंगर, शिवाय सारांशाचे पाच, आणि तीन तासांत पत्रापासून भाषांतरापर्यंत बाकीचं सगळं. काय शोधायचंय हे माहीत नसलेलं पोरगं पहिल्याच परिच्छेदात अडकून पडतं.

खरी गोची पुढे आहे, आणि ती माझ्याही लेखात राहून गेली होती. प्रश्नातला शब्द उताऱ्यात सापडला की मुलांना वाटतं, उत्तर सापडलं. सरावासाठी मीच लिहिलेल्या एका उताऱ्यात वाक्य होतं : ‘द फार्मर रिफ्यूज्ड टु सेल हिज लँड.’ खाली विधान : ‘द फार्मर सोल्ड हिज लँड.’ ट्रू की फॉल्स? निम्म्या वर्गाने ट्रू लिहिलं. फार्मर दिसला, लँड दिसली, सेल दिसलं, झालं! मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी ‘नाही’ म्हणून उभा असतो, कान तिकडेच लागलेला. इंग्रजीत तो ‘रिफ्यूज्ड’च्या पोटात लपतो. ‘हार्डली’चं तर विचारू नका. ‘ही हार्डली वर्क्ड’ म्हणजे काय? ‘त्याने खूप मेहनत केली, सर!’ अर्थ नेमका उलटा : त्याने काम जवळपास केलंच नाही.

आणि हे इंग्रजीतलं ‘ही’, म्हणजे ‘तो’. पाचवीत आलेली पोरं ‘ही’ वाचून बाई समजतात, कारण मराठीत ‘ही’ म्हणजे बाईच. दहावीत तो घोळ नसतो, पण ‘ही’ म्हणजे शेतकरी की त्याचा भाऊ, ‘इट’ म्हणजे गाय की विहीर, हे मागे जाऊन बघायची सवय नसते. आता मी पेन्सिलीने बाण काढायला लावतो : प्रत्येक ‘ही’, ‘दे’, ‘इट’पासून ज्याच्यासाठी तो शब्द आला त्याच्यापर्यंत. कच्च्या पोरांनाही जमतं. ही पळवाट म्हणाल का, सर? मला तर हेच वाचन वाटतं.

उतरवण्याबद्दल अजून एक. ‘व्हाय डिड द फार्मर गो...’ असा प्रश्न आला की पोरं लिहितात, ‘द फार्मर डिड गो...’. ‘डिड’ गेला की ‘गो’चा ‘वेन्ट’ होतो, एवढं एक ज्याला कळलं त्याला वाक्य बदलून लिहिता येतं. नुसतं उतरवणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. तुमचा राग इथे मला मान्य आहे.

आता खानदेशाचं. उताऱ्याखालच्या शेवटच्या कृतीत स्वतःचं मत विचारतात, दोन मार्क, आणि आमच्याकडे नेमकी तीच कोरी सुटते. मुलांना मत नसतं म्हणून नव्हे. ट्रॅक्टर आल्यावर बैल ठेवावेत का, या प्रश्नावर एक मुलगी वर्गात फटकन बोलली, ‘बैल नही त पोया कसा कराना?’ वहीत मात्र कोरं. मी म्हटलं, हेच लिही. तिने लिहिलं, ‘विदाउट बुल्स, हाउ वुई सेलिब्रेट पोळा?’ एक ‘कॅन’ राहिला, ‘ऑक्सेन’ऐवजी ‘बुल्स’ आले. दोनपैकी दीड दिला. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि पेपरात इंग्रजी, अशी तिसऱ्या घरात जाऊन ती पोरगी बोलत होती. तिला मागे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि ती त्या वहीपर्यंत पोचली, त्यात मास्तराचाही थोडा हात असावा.

तुम्ही वर्षानुवर्षं पेपर तपासलेत असं लिहिलंय. ‘हार्डली’चा गोंधळ तुमच्या वेळीही होता का? असेल तर तुम्ही तो कसा सोडवत होतात, तेवढं मात्र सविस्तर लिहा.